नटवलेली भिंत

आमच्या घरात वकील आला तो लग्नाने आला, आणि तोही बाईमाणूस. धाकट्याने मुलगी पसंत केली तेव्हा मी एवढंच विचारलं, "करते काय?" तर म्हणाला, "बांधकामाच्या भांडणांची वकील आहे." मी म्हटलं, "ती भांडणं मी जन्मभर फुकटात करत आले. त्याला शिकायचं काय असतं?"

पुढे कळलं की ही बाई आधी इंजिनियर झाली, डोक्यावर टोपी घालून पुलाच्या कामावर उभी राहिली, आणि मग वकिलीचं शिकली. म्हणजे आधी भिंत उभी करायला शिकली आणि मग त्याच भिंतीवरून भांडायला. दुखणं आणि वैद्य एकाच घरात. धाकटा स्वतः लोकांचे दात उपटतो, त्यामुळे तोंड उघडायला लावायचं त्या दोघांनाही चांगलं जमतं.

मी शाळेत फार टिकले नाही. अक्षर ओळखते, सही ठसठशीत करते, आणि समोरचा थापा मारतोय की खरं बोलतोय ते त्याच्या उभं राहण्यावरून सांगते. मालक गेल्यावर आमचा बांधकामाचा धंदा मी बुडू दिला नाही. साईटवर थोरला मुलगा उभा असतो, थोरल्यावर मी उभी असते. माणसं मला मालकीणबाई म्हणतात. मागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि ते काही खोटं नाही.

आमच्या कामावर माझा एक नियम होता. काम बघायला कुणी येणार असेल तर आदल्या दिवशी त्या कामाला न्हाऊमाखू घालायचं. कोपरे झाडायचे, डाग पुसायचे, चिरा-बिरा असतील तर पुट्टीने भरून वरून रंगाचा हात फिरवायचा. नाक पुसल्याशिवाय कुणी आपलं पोर पाहुण्यापुढे आणतं का? थोरल्याच्या हाडात हा नियम इतका मुरलेला होता की त्याला तो सांगावा लागत नसे.

ज्या भिंतीची ही गोष्ट आहे, ती एका क्लबाची. उतारावरचा क्लब. वर त्यांची बाग, खाली रस्ता, आणि वरची माती रस्त्यावर येऊ नये म्हणून मधे आमची भिंत. भिंतीची पाठ क्लबाकडे आणि तोंड रस्त्याकडे. अशा भिंतीत ओळीने भोकं ठेवतात, आरपार नळ्या घालून. मागच्या मातीत पाणी साठलं तर ते त्या नळ्यांतून बाहेर पडावं, भिंतीला रेटू नये. थोरल्याने ती भिंत बांधली तेव्हा मी स्वतः जाऊन थोपटून आले होते. छान उभी होती.

मग क्लबवाल्यांना हिरवळीची हौस आली. भिंतीमागे ट्रकभरून माती ओतली, वर गवत अंथरलं आणि सकाळ-संध्याकाळ फवारे सुरू केले. पुढे भिंतीला मधोमध पोट सुटलं, आणि पोटावर एक आडवी चीर गेली. क्लब म्हणाला, काँक्रीट कच्चं आहे. आणि वर हेही म्हणाला की भोकं नुसती दाखवायची आहेत. पुढून नळीचं तोंड चिकटवलंय, आत काही नाही.

मला कुणी चोर म्हटलं असतं तरी मी एवढी भडकले नसते.

भांडण लवादापुढे गेलं. क्लबाचं म्हणणं लवादाने मान्य केलं असतं तर भिंत पाडावी लागली असती, आणि आमचं नाव काम देणाऱ्या प्रत्येक कचेरीच्या यादीतून कायमचं गेलं असतं. पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते. पडलेलं नाव उभं करायला कुठला गवंडी मिळतो?

थोरल्याला शहरातला नावाजलेला वकील हवा होता. त्याच्या कचेरीत म्हणे इतका मऊ कोच आहे की माणूस बसला की उठताना आधार लागतो. मी म्हटलं, "आणि आपली घरची?"

"आई, ती घरची आहे."

"पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. तिने परक्या लोकांचे पूल सोडवले, धरणं सोडवली. आपली भिंत काय तिला जड आहे?"

झालं. केस धाकट्या सुनेकडे गेली. मी तिच्यावर खूश असले की सूनबाई म्हणते, नसले की वकीलबाई. त्या दिवसांत दोन्ही हाका घरात सारख्याच ऐकू येत.

तिची कचेरी म्हणजे नकाशांच्या गुंडाळ्यांचं रान. टेबलावर काँक्रीटचा कापलेला गोल तुकडा, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. कुठल्यातरी हरलेल्या पुलाचा होता तो. मी विचारलं, "असलं अशुभ टेबलावर कशाला?" म्हणाली, "आई, जिंकलेल्या केसमधून शिकायला काही मिळत नाही."

ती भिंतीपाशी गेली, वर बागेत गेली, माळ्याशी गप्पा मारल्या, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तासभर नुसती बघत राहिली. मग आमच्या स्वयंपाकघरात येऊन चहाची गाळणी हातात घेतली. आधी रिकामी गाळणी नळाखाली धरली, पाणी सरळ खाली गेलं. मग उकळलेल्या पावडरीने भरलेली धरली. पाणी गाळणीत साठलं आणि काठावरून सांडलं.

"भिंत मातीला भीत नाही," ती म्हणाली. "भिंत पाण्याला भिते. बागेची माती नळ्यांत उतरली असणार. नळ्या तुंबल्या, पाणी मागे साठलं आणि भिंतीला पोट आलं. ही आपली केस."

"मग भोकं उघडून दाखव की."

"नाही. मी एकालाही हात लावलेला नाही, आणि कुणी लावायचाही नाही. लवाद भिंत बघायला येतील तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडायची. दादा, ऐकलंत ना? भिंतीला हात लावायचा नाही."

दादा म्हणजे थोरला. तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला, "हो."

लवादाची भेट ठरली. आदल्या दिवशी दुपारी सून मला म्हणाली, "चला, एकदा नजर टाकून येऊ." थोरला गाडी चालवत होता, आणि खुशीत होता. शीळ वाजवत होता. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गाडीतून उतरले आणि माझे डोळे दिपले. भिंत नवरीसारखी उभी! चीर गेली, डाग गेले, शेवाळ गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा हात. आमचा रंगारी बादली धुवत होता. मला बघून पुढे आला आणि म्हणाला, "मालकीणबाई, कसं झालंय?"

मी म्हटलं, "झकास." खरंच झकास झालं होतं. खोटं कशाला बोलू?

सून भिंतीजवळ गेली, तळवा टेकवला आणि भिंतीला लागून चालायला लागली. चालता चालता थांबली.

"दादा, भोकं कुठे आहेत?"

"कुठली भोकं?"

"पाणी निघायची."

"ती होय! तिथेच आहेत. पुट्टी भरून सपाट केली. नुसतीच भकभक दिसत होती, पडलेल्या दातांसारखी. आता बघ, बोट फिरवलंस तरी कळणार नाही."

"कळत नाहीच आहे," ती म्हणाली.

मी विचारलं, "काय गं, रंग पसंत नाही का?"

"आई, आपली सगळी केस त्या भोकांत होती."

थोरल्याच्या तोंडावरची खुशी पाण्यात पडलेल्या साखरेसारखी गेली. "मी खोदलं का काही?" तो म्हणाला. "तू म्हणालीस हात लावू नका. मी तोडफोड नाही केली. रंग म्हणजे हात लावणं असतं होय?"

रंगाऱ्याने बादली खाली ठेवली आणि आमच्याकडे बघत राहिला. त्या बिचाऱ्याला काही उमगेना.

घरी आलो. स्वयंपाकघरातलं टेबल, तीन खुर्च्या, आणि मधे मुकाट निवत चाललेला चहा. थोरल्याने गाडीची किल्ली हातातून खाली ठेवली नव्हती.

"आत्ता माणसं घेऊन जातो. उजेड आहे तोवर भोकं मोकळी करतो. होती तशी."

"करा," सून म्हणाली. "मग उद्या आत जो गाळ निघेल, तो तुम्हीच कोंबला असं ते म्हणतील. आणि तुम्ही आज भिंतीपाशी होतात हे सगळ्या रस्त्याने पाहिलंय."

"मग तसंच राहू दे. विचारलं तर सांगू, रंगाऱ्याने आपल्या मनानेच केलं. त्याला कुठे कळतं?"

सुनेने चहाचा कप बाजूला सारला. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढत नाही, ही माझी तिच्याबद्दलची जुनी तक्रार आहे. ज्याचा आवाज चढत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

"तसं सांगायचं असेल तर उद्या दुसरा वकील उभा करा, दादा. मी उभी राहणार नाही."

"घरची असून?"

"घरची आहे म्हणून अजून बसलेय. बाहेरची असते तर पिशवी उचलून गेले असते."

"ऐकलंस, आई? सांग हिला. इथे आपलं नाव बुडायला आलंय आणि हिला रंगाऱ्याची पडलीय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. घर चालवणाऱ्या बाईच्या नशिबी हे असतंच. पोटचा एका बाजूला, आणि शहाणपण दुसऱ्या बाजूला.

रंगारी मालकांच्या वेळचा. मालक आजारी होते तेव्हा त्यांची खोली त्याने रंगवून दिली होती, हलका हात ठेवून, त्यांना खोकला लागू नये म्हणून. सांगितलं तेवढंच करणारा माणूस. आणि सांगितलं कुणी, तर आम्ही.

मी थोरल्याला म्हटलं, "भिंतीवर थर चढवलास तेवढा पुरे. आता माणसावर चढवू नकोस."

"पण आई..."

"पण नाही आणि बिण नाही. हिची केस ही लढेल. उद्या हिने सांगितलं की एका पायावर उभे राहा, तर आपण दोघं एका पायावर उभे राहू. वकीलबाई, बोला. पुढे काय?"

ती थोरल्याकडे वळली. "दादा, एकच विचारते. खरं सांगा, म्हणजे मी काय करायचं ते ठरवीन. नळ्या आरपार घातल्यात? सगळ्या?"

थोरला माझ्या पोटचा, मी त्याला ओळखते. तो लहानसहान थापा मारतो. जेवलो म्हणतो आणि जेवलेला नसतो, निघालो म्हणतो आणि अंगावर अजून टॉवेल असतो. पण त्याला हे विचारायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. मीसुद्धा नाही.

तो उठून उभा राहिला. "एकूण एक. मी स्वतः प्रत्येकीत सळई घालून बघितलीय. बापाचं नाव सांगून काम घेतलं होतं मी."

"पुरे," सून म्हणाली. "मग मला कुठलंही भोक चालेल."

तिने तिथेच फोन लावला, समोरच्या वकिलाला. स्पीकर चालू ठेवला, आम्हाला ऐकू यावं म्हणून. हा माणूस प्रत्येक वाक्याआधी खोकतो. मी त्याचं नाव खोकलेवकील ठेवलं होतं.

तिने सरळ सांगितलं. आज आमच्या पक्षाने भिंतीला पुट्टी आणि रंग लावला, भोकं बुजवली, चूक आमची आहे, लवादाला आत्ताच लेखी कळवतेय, तुम्हाला त्याची प्रत येईल.

पलीकडे खोकला झाला. मग हसू. "वा मॅडम, तुम्ही तर आमचं काम सोपं केलंत."

"उद्या अजून सोपं करते. काँक्रीट तपासायला प्रयोगशाळेचा माणूस येणारच आहे. भोकं सगळ्यांसमोर उघडू. पहिलं कुठलं उघडायचं ते तुम्ही निवडा."

या वेळी खोकला आला नाही. नुसती शांतता आली. ती खोकल्यापेक्षा बरी वाटली.

तिने फोन ठेवला आणि मी तिच्यावर तुटून पडले. "अगं, निवडायला त्याला दिलंस? धोंडा आपला, पाय आपला, आणि मारायला बोलावलंस त्याला?"

"आई, पत्ते आपण लावून ठेवलेत असं त्यांना वाटणारच. मग पान त्यांनाच काढू दे."

मग तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "आणि उद्या तुम्ही बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अजिबात नाही. लवाद येतील, बघतील, जातील. त्यांनी विचारल्याशिवाय पक्षकाराने चकार शब्द काढायचा नाही. वकिलानेसुद्धा दाखवण्यापुरतंच बोलायचं."

"कुणी टोमणा मारला तर?"

"ऐकून घ्यायचा."

"आणि उत्तर तोंडाशी आलं तर?"

"गिळायचं."

"पचेल का मला?"

थोरला एवढ्या काळजीतही हसला. "आई, तू उद्या घरीच थांब."

"मेले तरी थांबणार नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर सगळे जमलो. लवाद म्हणजे आपल्या साध्या भाषेत पंच. सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले इंजिनियर, उंच, मान पुढे काढून बघायची सवय. नमस्काराला नमस्कार केला आणि लगेच भिंतीकडे वळले. माणसापेक्षा भिंतीशी बोलणारा माणूस, मला बरा वाटला.

क्लबाचा सेक्रेटरी पांढरेशुभ्र बूट घालून आला होता. बांधकाम बघायला पांढरे बूट! मला बघून म्हणाला, "वा मालकीणबाई, म्हातारपणी भिंतीला पावडर?"

उत्तर माझ्या जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलं. चांगलं होतं. त्यात त्याचे बूट होते, त्याची ढेरी होती, आणि त्याच्या क्लबातल्या पत्त्यांच्या टेबलाचाही उल्लेख होता. सुनेने नुसते डोळे वर केले. मी ते उत्तर गिळलं. आजही कधीकधी वर येतं.

खोकलेवकील सुरू झाला. पुरावा नष्ट केला, साहेब. दोषी माणूसच असं करतो, साहेब. ज्याचं काम खरं त्याला रंग कशाला लागतो, साहेब. ऐकणाऱ्याला पटेल असंच बोलत होता. मीच त्यांच्या बाजूची असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

पंचांनी ऐकून घेतलं. मग सुनेला विचारलं, "हे करायला कोणी सांगितलं?"

"ज्यांनी सांगितलं ते इथे आहेत. तुमची परवानगी असेल तर तेच सांगतील."

थोरला पुढे झाला. मला वाटलं, आता हा रंगाऱ्याचं नाव घेतो की काय. रस्त्याच्या कडेला रंगारीही आला होता, कुणी बोलावलं नसताना, घडीचे कपडे घालून.

"मी सांगितलं," थोरला म्हणाला. "रंगाऱ्याने सांगितलं तेवढं केलं. आमच्याकडे काम बघायला कुणी येणार असलं की ते साफसूफ करून ठेवायची रीत आहे. घरात जशी पाहुण्यांआधी चादर बदलतात तशी. वकिलांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं. मला वाटलं, रंग म्हणजे हात लावणं नव्हे. माझी चूक झाली."

पंचांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. भिंतीकडे बघत होते तसंच. मग म्हणाले, "निवडा."

खोकलेवकील आणि सेक्रेटरी बाजूला जाऊन कुजबुजले. मग दोघंही भिंतीच्या पार टोकाला चालत गेले. तिथे वर बाग नव्हती, फरशीचा रस्ता होता. माझ्याही लक्षात आलं. लबाड! तिथे माती नाही, म्हणजे गाळ नाही, म्हणजे आमची गाळाची गोष्ट तिथेच संपणार.

"हे उघडा," खोकलेवकील म्हणाला.

मी सुनेकडे बघितलं. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. बांधलेलीच नाडी.

प्रयोगशाळेच्या माणसाने छिन्नीने पुट्टी फोडली. आमच्या रंगाऱ्याचं काम ते, सहजासहजी निघेना. शेवटी खपली उडाली आणि नळीचं तोंड दिसलं. त्याने लांब सळई घेतली आणि आत सारायला लागला.

मी सळईकडे बघत नव्हते. मी थोरल्याच्या तोंडाकडे बघत होते. आत्ता ती सळई हातभर जाऊन भिंतीवर आपटली असती, तर आमचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि माझं तीसमारखान तोंड, सगळं तिथेच रस्त्यावर पडलं असतं. थोरल्याची मान ताठ होती. डोळे मात्र मिटलेले होते.

सळई जात राहिली. जात राहिली. आणि आत दूर कुठेतरी, भिंतीच्या पाठीमागे भरलेल्या खडीवर वाजली. खण्ण.

पंचांनी वाकून बॅटरीने आत बघितलं. "आरपार आहे," ते म्हणाले. "स्वच्छ."

तेव्हा सून उभी राहिली. "साहेब, समोरच्या पक्षाने लेखी म्हटलं होतं की नळ्या आरपार नाहीत, नुसती तोंडं चिकटवली आहेत. ही नळी त्यांनी स्वतः निवडलीय. एवढंच दाखवायचं होतं."

खोकलेवकील खोकला. पण पुढे वाक्यच आलं नाही. नुसताच खोकला राहिला.

"आता मी निवडतो," पंच म्हणाले. ते मागे मागे चालत आले, वर बघत, हिरवळीच्या बरोबर खाली, जिथे भिंतीला पोट होतं तिथे. सेक्रेटरी त्यांच्या मागोमाग, अगदी चिकटून, काही निसटू नये म्हणून.

छिन्नी लागली. पुट्टी गेली. सळई आत गेली आणि लगेच अडली. माणसाने आकडा घालून ओढलं, तर आधी काळी माती आली, बागेची, खतावलेली. आणि मागून मुळं. पांढरी, बारीक, एकमेकांत गुंतलेली, म्हातारीने सोडलेल्या अंबाड्यासारखी. तो ओढतोय आणि ती येताहेत.

"साहेब!" खोकलेवकिलाला वाचा फुटली. "हे यांनी कालच आत भरलं असणार. म्हणूनच वरून पुट्टी लावली!"

पंचांनी तो मुळांचा गुंता बोटांवर घेतला, उलटासुलटा करून बघितला. "वकीलसाहेब, एका दिवसात नळीत एवढं गवत वाढवणारा रंगारी असेल तर मला त्याचा पत्ता द्या. माझ्या घरची हिरवळ वर्षानुवर्षं धरत नाही."

रस्त्याच्या कडेला उभा असलेला आमचा रंगारी हे ऐकून कावराबावरा झाला. त्याला वाटलं, खरंच पत्ता द्यायचा की काय.

शेवटचा गुंता निघाला मात्र, आणि पाणी आलं. साधं नाही, पिचकारीसारखं. कोण जाणे कधीपासून आत कोंडून बसलेलं, गढूळ, जोराचं. पंच चटकन बाजूला झाले, शहाणे होते. सेक्रेटरी नाही झाला. पांढरे बूट तपकिरी झाले, आणि वर गुडघ्यापर्यंत पँटही.

माझ्या जिभेवर आता दुसरं उत्तर येऊन बसलं, पहिल्यापेक्षाही चांगलं. मी तेही गिळलं. पण या वेळी गोड लागलं.

परत येताना गाडीत मी सुनेला खोदून विचारलं, "त्याने टोकाचं भोक निवडलं नसतं तर?"

"मधलं निवडलं असतं तर आधी गाळ निघाला असता आणि मग मी टोकाचं उघडायला सांगितलं असतं."

"म्हणजे कुठलंही निवडलं तरी आपलंच."

"दादांनी नळ्या घातल्या असतील तर."

थोरला गाडी चालवत होता. त्याने आरशातून मागे बघितलं. "आणि नसत्या घातल्या तर?"

"तर आज केस तिथेच हरले असते," ती म्हणाली. "पण खरं बोलून हरले असते. पुढची केस तरी मिळाली असती."

थोरल्याने एक वळण घेतलं आणि म्हणाला, "वकीलबाई, पुढची भिंत बांधायच्या आधीच तुला दाखवीन."

"दाखवा. पण रंग न लावता."

पुढे बंद खोलीत सुनावण्या झाल्या, साक्षी झाल्या, खोकलेवकिलाने मलाही उभं केलं आणि मीच त्याला बसवलं, पण तो वेगळा विषय. निकाल आला. भिंत पाडायची नाही. क्लबाने मागची माती काढायची, नळ्यांमागे पाण्याची वाट करून द्यायची, आणि चिरेची दुरुस्तीही त्यांच्याच माथी. आमच्या कामात खोट नाही, असं पंचांनी स्वच्छ लिहिलं. खाली एक ओळ आम्हालाही होती. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंत रंगवणं हा शुद्ध मूर्खपणा होता, असं काहीतरी, सभ्य शब्दांत. सून ती ओळ वाचताना अडखळली. मी म्हटलं, "वाच, वाच. मोठ्याने वाच. थोरल्याला ऐकू दे." मग जरा थांबून म्हटलं, "आणि मलाही. नियम माझाच होता."

तो नियम मी मोडीत काढला. आता आमच्या साईटवर कुणी बघायला येणार असलं की रंगाऱ्याला सुट्टी असते. पगारी.

माती निघाल्यावर एकदा आम्ही तिघं भिंत बघायला गेलो. रंग जागोजागी खरवडलेला, भोकं उघडी, त्यांच्याखाली ओघळांचे डाग. थोरल्याचा हात शिवशिवत होता, मला दिसत होतं.

"आई, हे असं कळकट ठेवायचं? निदान एक हात..."

"हात खिशात ठेव," मी म्हटलं.

वर कुणीतरी फवारा सुरू केला. जरा वेळाने मधल्या भोकातून बारीकशी धार लागली, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. भिंत ताठ उभी होती आणि मुकाट्याने पाणी टाकत होती. सून एका हाताने डोळ्यांवर सावली धरून बघत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले, एक अक्षर न बोलता, आणि या वेळी मला कुणी गप्प बसायला सांगितलेलं नव्हतं.